कंट्रोलर घेताना मोजायचे काय?

अमेरिकेत नाताळला छपरावर गाण्याच्या तालावर दिवे नाचवणारे हौशी लोक कंट्रोलर (दिव्यांना हुकूम देणारी पेटी) निवडताना अनेकदा एकूण दिवेच मोजतात. खरे मोजायचे ते एकेका पोर्टवरचे (माळ जोडायचे तोंड) पिक्सेल (स्वतंत्रपणे रंग बदलणारे दिवे). डब्ल्यूएस२८११ चिपच्या माळेतला पहिला दिवा लाल, हिरवा, निळा असे आपले तीन आकडे ठेवून बाकीचे पुढे धाडतो. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा सरकतो तसे. दर दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) जातात. दिव्यांचे चित्र सेकंदाला ४० वेळा बदलायचे, तर एका पोर्टवर जेमतेम ८०० दिवे. मी ६००वरच थांबायला सांगेन. आणि टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसले, तर कंट्रोलर बदलू नका. तारेत व्होल्टेज घसरलेले असते. तिथे वीज नव्याने जोडावी.