जुन्या संगणकात मोठी हार्ड डिस्क: क्षमतेच्या मर्यादांचे शास्त्र

जुन्या संगणकाला मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क जोडली आणि त्याने तिचा काही भागच ओळखला, तर संशय प्रथम डिस्कवर जातो. परंतु बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते आणि अपुरी पडते ती तिच्यावरील जागांना पत्ते देण्याची संगणकाची व्यवस्था. हार्ड डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या समान आकाराच्या तुकड्यांत साठवली जाते, प्रत्येक सेक्टर दीर्घकाळ ५१२ बाइटचा असे, आणि कोणताही सेक्टर वाचण्यासाठी किंवा लिहिण्यासाठी त्याचा पत्ता डिस्कला कळवावा लागतो. हा पत्ता किती बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक एवढीच किंमत घेऊ शकणाऱ्या किती अंकांत, लिहायचा हे आधीच ठरलेले असते. छापील अर्जातील चौकटी संपल्यावर नावाची उरलेली अक्षरे लिहायला जागा राहत नाही, तसेच ठरलेले बिट संपले की त्यापुढील सेक्टर डिस्कवर असूनही संगणकाच्या आवाक्याबाहेर राहतात.

या अडचणीचे मूळ १९८० च्या दशकात आहे. आयबीएमने १९८३ साली बाजारात आणलेल्या पीसी एक्सटी या संगणकात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिच्याशी होणारा व्यवहार बायोसमार्फत, म्हणजे चिपमध्ये कायम साठवलेल्या आणि संगणक सुरू होताच चालणाऱ्या प्राथमिक प्रोग्रामामार्फत, होत असे. बायोसच्या लेखी पत्त्याचे तीन भाग होते: एकावर एक बसवलेल्या तबकड्यांवरील समान अंतरावरच्या वर्तुळाकार मार्गांचा संच म्हणजे सिलिंडर, तबकडीचा विशिष्ट पृष्ठभाग वाचणारे टोक म्हणजे हेड, आणि त्या मार्गावरील सेक्टर. यांसाठी अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट राखून ठेवल्यामुळे १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि, सेक्टरांची मोजणी एकपासून होत असल्याने, ६३ सेक्टर एवढी कमाल मर्यादा होती. पुढे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातील जोडणीसाठी आलेल्या एटीए मानकाने, ज्याला व्यवहारात आयडीई म्हणतात, ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड आणि २५५ सेक्टर अशी वेगळी वाटणी केली. दोन्ही योजना आपापल्या जागी ऐसपैस होत्या, पण एकच पत्ता दोन्हींतून जावा लागत असल्याने प्रत्येक भागात दोहोंपैकी लहान आकडा लागू झाला, आणि १,०२४ × १६ × ६३ × ५१२ या गुणाकारातून ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे सुमारे ५२८ एमबी, ही सुप्रसिद्ध मर्यादा निर्माण झाली.

तिच्यावरचा उपाय पत्त्याच्या रूपांतराचा होता. २,०४८ सिलिंडर आणि १६ हेड असलेली डिस्क बायोस ऑपरेटिंग सिस्टीमला १,०२४ सिलिंडर आणि ३२ हेड असलेली म्हणून दाखवी, आणि मिळालेला पत्ता मूळ रूपात बदलून डिस्ककडे पाठवी. त्याच सुमारास सर्व सेक्टरांना शून्यापासून सलग क्रमांक देणारी एलबीए पद्धत रूढ झाली. तरीही बायोसची तीन भागांची चौकट कायम राहिल्याने मर्यादा ८.४ जीबीपर्यंतच सरकली, आणि सलग क्रमांक थेट स्वीकारणाऱ्या विस्तारित सेवा बायोसमध्ये आल्यावरच ती ओलांडली गेली. यानंतर काही बायोस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क तपासताना अडकून पडत, कारण त्यांचे सिलिंडरांचे गणित ६५,५३५ पाशी संपत असे. एटीएमधील सलग क्रमांक २८ बिटांचा असल्याने १३७ जीबी ही पुढची सीमा ठरली, आणि २००२ च्या सुमारास आलेल्या एटीए-६ मानकाने क्रमांक ४८ बिटांचा करून ती दूर केली.

बायोस आणि जोडणी यांच्यापलीकडे ऑपरेटिंग सिस्टीमचा थर असतो. विंडोज एक्सपीला ४८ बिटांचे पत्ते २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून वापरता आले. विंडोज २००० मध्ये त्यासाठी तिसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर रजिस्ट्रीतही एक नोंद करावी लागे. ही सीमा केवळ गैरसोयीची नव्हे तर धोक्याची आहे, कारण मोठे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्रपणे आखलेला भाग, आधीच तयार असताना २८ बिटांपुरतीच जाण असलेली यंत्रणा त्यावर लिहू लागली, तर वरचे बिट गळून पडतात, लेखन डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर होते आणि तेथील माहिती नष्ट होते. यापुढची सीमा पार्टिशनांच्या नोंदवहीची आहे: एमबीआर या जुन्या पद्धतीत सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांचे असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क २.२ टीबीपर्यंतच वापरता येते, तर जीपीटी या नव्या पद्धतीत ते ६४ बिटांचे असतात. ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही, आणि विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू करायचे तर बायोसऐवजी यूईएफआय हा त्याचा उत्तराधिकारी लागतो. लिनक्स मात्र योग्य तयारी केल्यास जुन्या बायोसवरही अशा डिस्कवरून सुरू होऊ शकते.

त्यामुळे दिसणारी क्षमता हाच निदानाचा पहिला पुरावा ठरतो. ५२८ एमबी किंवा ८.४ जीबी दिसल्यास बायोसकडे, १३७ जीबी दिसल्यास २८ बिटांच्या पत्त्याकडे आणि २.२ टीबी दिसल्यास एमबीआरकडे पाहावे. बायोस पूर्ण क्षमता दाखवत असून ऑपरेटिंग सिस्टीम ती दाखवत नसेल, तर अडथळा नंतरच्या थरात आहे. ५०० जीबीच्या डिस्कऐवजी ४६५ दिसणे हा मात्र अडथळाच नव्हे, कारण उत्पादक एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट मोजतात, तर विंडोज दोनच्या तिसाव्या घाताने भागते.

उपायही थरानुसार बदलतात. मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेला नवा बायोस चढवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. तो उपलब्ध नसल्यास स्वतःचा बायोस असलेले कंट्रोलर कार्ड बसवून मदरबोर्डवरील बायोसला वळसा घालता येतो. ऑन्ट्रॅक डिस्क मॅनेजरसारखी सॉफ्टवेअर डिस्कच्या आरंभी स्वतःला बसवून ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी सुरू होतात आणि बायोसची उणीव भरून काढतात, पण ती काढून टाकली किंवा डिस्क दुसऱ्या संगणकात नेली तर माहिती दिसेनाशी होऊ शकते. काही डिस्कवरील जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, क्षमता मुद्दाम कमी दाखवतो; त्याने अडकलेला संगणक सुरू होतो, परंतु उरलेली जागा आपोआप मिळत नाही. लिनक्स सुरू झाल्यावर डिस्कशी स्वतःच्या ड्राइव्हरमार्फत बोलते, म्हणून आरंभी लागणाऱ्या फायली बायोसच्या आवाक्यातील लहान पार्टिशनमध्ये ठेवून उरलेली डिस्क वापरण्याची युक्ती पूर्वीपासून चालत आली आहे.

डिस्कपासून वापरकर्त्यापर्यंतच्या वाटेवर प्रत्येक थर वेगळ्या मंडळींनी, वेगळ्या काळी, त्या त्या वेळच्या डिस्कपेक्षा कितीतरी मोठे माप धरून बांधला, आणि एकत्र आल्यावर मात्र सर्वांत आखूड पत्ता असलेल्या थराचेच माप सर्वांना लागू झाले. म्हणून मोठी डिस्क विकत घेण्याआधी त्या वाटेवरील सर्वांत आखूड पत्ता कोणाचा आहे आणि तो बदलता येतो का, हे तपासावे लागते. येत नसेल, तर त्या मापात बसणारी लहान डिस्क निवडणे हाच अधिक सुरक्षित आणि शहाणपणाचा निर्णय ठरतो.