एल बिअरमधील लिंबूवर्गीय स्वाद : उगम, इतिहास आणि आस्वाद

प्रस्तावना :

लहान प्रमाणावर, स्वतःच्या कृतीनुसार बिअर तयार करणाऱ्या मद्यशाळांच्या उत्पादनास आज जगभर 'क्राफ्ट बिअर' असे म्हटले जाते. या वर्गातील एल प्रकारच्या बिअरचा पेला नाकाशी नेला असता पुष्कळदा संत्रे, लिंबू किंवा ग्रेपफ्रूट यांचा स्पष्ट वास येतो आणि तीत त्या फळाचा रस मिसळला असावा, अशी पिणाऱ्याची सहज समजूत होते. प्रत्यक्षात अशा अनेक एलमध्ये फळाचा अंशही नसतो. काहींत तो असतो. परंतु पारंपरिक कृतीत रसापेक्षा सालीचाच उपयोग अधिक आढळतो. फळ नसताना फळाचा स्वाद कसा निर्माण होतो, या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि आर्थिक इतिहास या चारही विषयांत विखुरलेले आहे. प्रस्तुत लेखात ते एकत्र मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वाद आणि चव यांतील भेद :

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू व उमामी या मोजक्याच चवी कळतात. संत्र्याचे 'संत्रेपण' जिभेला नव्हे, तर नाकाला कळते. घोट गिळताना त्यातील बाष्पनशील द्रव्ये घशामागून नासिकेत पोहोचतात आणि मेंदू चव व गंध यांचा मिळून एकच अनुभव घडवितो. त्यालाच आपण स्वाद म्हणतो. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ ते २.५ असतो, तर सामान्य बिअरचा ४ च्या आसपास. म्हणजे लिंबाचा वास येणारी एल लिंबासारखी आंबट मुळीच नसते. तिच्यात फळाचा गंध असतो, आम्ल नसते. ही विसंगतीच तिच्या आस्वादाचे मर्म आहे.

पहिला मार्ग : फळाची साल :

एल म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टद्वारे तुलनेने उबदार तापमानात, साधारणतः १५ ते २४ अंश सेल्सिअसला आंबविलेली बिअर. फळ वापरणाऱ्या एलचे अभिजात उदाहरण म्हणजे बेल्जियमची 'विटबिअर', अर्थात पांढरी बिअर. बार्लीचा माल्ट, त्याच्या जोडीला भरपूर न मोडविलेला गहू, कडू संत्र्याची वाळवलेली साल आणि धने ही तिची ओळख होय. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ च्या नियमाने बिअरचे घटक बार्ली, हॉप आणि पाणी एवढ्यांपुरतेच मर्यादित केले. बेल्जियमच्या भूमीवर असे बंधन नव्हते, म्हणून तेथे साली व मसाले टिकून राहिले.

संत्र्याच्या सालीचा बाहेरील रंगीत थर तेलग्रंथींनी भरलेला असतो. या तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीनचा असतो. परंतु लिमोनीन पाण्यात फारसे विरघळत नाही आणि उकळताना वाफेबरोबर निघून जाते. म्हणून साल उकळीच्या अखेरीस घालतात. आतील पांढरा थर कडवटपणा देतो. धन्यांतील प्रमुख सुगंधी द्रव्य लिनॅलूल असून ते संत्र्याच्या गंधाला उठाव देते. आपल्या स्वयंपाकघरात आमटीच्या फोडणीशी जोडलेले धने तेथे फळाचे साहाय्यक ठरतात, हे लक्षणीय आहे.

ही परंपरा नष्टप्राय झाली होती. ब्राबांत प्रांतातील हुगार्डन या गावी एकेकाळी पांढरी बिअर बनविणाऱ्या अनेक मद्यशाळा होत्या. त्यांतील शेवटची १९५० च्या दशकात बंद पडली. तारुण्यात तेथे काम शिकलेला पिएर सेलिस हा गावातील दूधवाला होता. त्याने १९६० च्या दशकाच्या मध्यास ती कृती पुन्हा सुरू केली. १९८५ साली त्याची मद्यशाळा आगीत जळाली. पुनर्बांधणीसाठी एका बड्या उद्योगाचे भांडवल घ्यावे लागले आणि अखेरीस मालकी त्याच्याकडून गेली. त्याने १९९२ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे नवी मद्यशाळा उभारली; २०११ मध्ये तो निवर्तला. पुढे २००५ मध्ये इनबेव्ह या बहुराष्ट्रीय कंपनीने हुगार्डनचे उत्पादन दुसऱ्या गावी हलविण्याचे जाहीर केले, तेव्हा स्थानिकांनी तीव्र विरोध केला आणि २००७ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. कृती कागदावर उतरविता येते, परंतु स्वादाचे गावाशी असलेले नाते हिशेबात धरले जात नाही, हे या प्रकरणातून दिसून येते.

दुसरा मार्ग : हॉपचे फूल :

हॉप ही वेल भांगेच्या कुळातील आहे. तिच्या मादी फुलोऱ्यात ल्युप्युलिन नावाच्या पिवळ्या ग्रंथी असतात. त्यांतील अल्फा आम्ले उकळल्याने कडूपणा येतो आणि सुगंधी तेलांमुळे गंध येतो. मिर्सीन, लिनॅलूल, जिरॅनिऑल ही हॉपमधील द्रव्ये लिंबूवर्गीय फळांतही आढळतात. म्हणजे एल फळाचा आभास निर्माण करीत नसून, फळातील काही रेणू दुसऱ्या वनस्पतीतून घेत असते.

या मार्गाचा आरंभ एका सरकारी संशोधनातून झाला. अमेरिकेच्या कृषी विभागाने ओरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे १९५६ मध्ये एक हॉप-संकर हाती घेतला. रोगाला तोंड देणारे आणि आयात युरोपीय हॉपची जागा घेणारे वाण मिळवावे, हा उद्देश होता. दीर्घ चाचण्यांनंतर १९७२ मध्ये 'कॅस्केड' हे वाण प्रसृत झाले. त्याचा गंध मात्र युरोपीय हॉपसारखा नव्हता. त्यात ग्रेपफ्रूटची छटा होती. ग्रेपफ्रूट हा पपनस व संत्रे यांचा संकर असल्याने, पपनसाची साल सोलली असता येणाऱ्या वासावरून मराठी वाचकास या छटेची कल्पना करता येईल.

प्रतिकृती म्हणून उणी ठरणारी ही छटा लहान उत्पादकांनी गुण म्हणून स्वीकारली. सान फ्रान्सिस्कोच्या अँकर मद्यशाळेने १९७५ मध्ये 'लिबर्टी एल'साठी कॅस्केड वापरले. कॅलिफोर्नियातील चिको येथील सिएरा नेवाडाने १९८० मध्ये त्याच वाणावर आपली 'पेल एल' उभी केली. या दोन पेयांनी अमेरिकी एलची गंधओळखच बदलली. पुढे 'सिट्रा'सारखी अधिक तीव्र गंधाची वाणे आली. सार्वजनिक निधीतून झालेले संशोधन मूळ उद्दिष्टापेक्षा भिन्न दिशेने फलदायी ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे. संशोधनाचे मूल्यमापन केवळ घोषित उद्दिष्टाच्या पूर्ततेवरून करणे किती अपुरे आहे, हे अध्यापक-संशोधकांनी येथे विशेषत्वाने ध्यानी घ्यावे.

यीस्टची भूमिका :

गंधी तेले उकळीत उडून जातात म्हणून किण्वन चालू असताना किंवा त्यानंतर थंड बिअरमध्ये कोरडे हॉप घालण्याची पद्धत रूढ आहे. किण्वन चालू असताना यीस्ट निष्क्रिय राहत नाही. गुलाबासारखा वास असलेल्या जिरॅनिऑलचे ते सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करते आणि त्याचा वास लिंबाकडे झुकतो. हॉपमधील काही गंधकयुक्त थायॉल बद्ध व गंधहीन स्वरूपात असतात. यीस्ट त्यांपैकी काही अंश मुक्त करते. हे थायॉल लिटरमागे नॅनोग्रॅमच्या मापात असूनही जाणवतात. त्यामुळे एकच हॉप वेगळ्या यीस्टबरोबर वेगळा स्वाद देते.

आस्वादाची पथ्ये :

वरील विवेचनातून आस्वादाचे काही संकेत आपोआप निष्पन्न होतात. फार थंड पेयातून गंध सुटत नाही, म्हणून अशी एल शीतपेटीतून काढून काही मिनिटांनी घ्यावी. ती बाटलीतून न पिता पेल्यात ओतावी आणि प्रथम हुंगावी. हॉपचा गंध काळाबरोबर ओसरतो, म्हणून ती जुनी करून ठेवण्यात लाभ नाही. प्रकाशामुळे हॉपमधील द्रव्यांपासून उग्र दुर्गंधी थायॉल तयार होते. तपकिरी बाटली वा डबा यांचे प्रयोजन हेच. पेल्याच्या काठावर संत्र्याची फोड लावण्याची प्रथा अमेरिकेत १९९५ च्या 'ब्लू मून' बिअरने रुळविली. तथापि सालीच्या तेलाने फेस लवकर बसतो आणि ताज्या फळाच्या वासाखाली मूळ गंध झाकला जातो. अर्थात हे मद्य आहे. आस्वाद आणि अतिरेक यांची सांगड बसत नाही, हे वेगळे सांगणे नको.

समारोप :

लिंबूवर्गीय एलचा स्वाद सालीतून, हॉपमधून आणि यीस्टच्या कार्यातून येतो. यांपैकी कोणता मार्ग वापरला आहे, हे ओळखता येणे हीच जाणत्या आस्वादाची खूण होय. पुणे व बंगळूर येथील लघु मद्यशाळांतही आज विटबिअर आणि हॉपप्रधान एल मिळतात. त्या पेल्यातील संत्रे खरे की हॉपचे, हा प्रश्न विचारणारा वाचक वेष्टनावरील 'नैसर्गिक स्वाद' हे शब्दही अधिक चिकित्सकपणे वाचेल. हॉपचा गंध संत्र्याइतकाच नैसर्गिक असतो. फरक आहे तो केवळ वनस्पतीचा. आणि त्या गंधामागे एका दूधवाल्याची चिकाटी व एका सरकारी प्रक्षेत्रावरील दीड दशकाचे काम उभे आहे, याची जाण असेल तर आस्वादास अर्थाची जोड मिळते.