वज्रास वाट हवी

श्रावणी सोमवारी मार्कंडेश्वराच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्याचे हे क्षेत्र. येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून यास ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. पैलतीर चंद्रपूर जिल्ह्याचा. अठराव्या शतकात मुख्य देवालयाच्या शिखरावर वीज कोसळली व शिखराचा भाग महामंडपावर पडला, असे सांगितले जाते. देवाचे घरही ज्या आघातातून सुटले नाही, त्याचा विचार नावेतून नदी ओलांडणाऱ्याने अवश्य करावा.

वेदांनी वज्र इंद्राच्या हाती दिले. मेघातून सुटलेले हे तेज भूमीचा शोध घेते आणि वाटेतील उंच, एकाकी वस्तूवर बहुधा प्रथम उतरते. पाषाण वा लाकूड त्यास सहज वाट देत नाही. आतील ओलाव्याची क्षणात वाफ होते, दगड फुटतो, झाड चिरते. कळसापासून तांब्याची जाड पट्टी जमिनीत खोलवर नेली, तर तेच वज्र धरित्रीत विलीन होते. बेंजामिन फ्रँकलिन यांची ही युक्ती त्याच अठराव्या शतकातली.

सागरी जहाजांवर असाच मार्ग डोलकाठीच्या टोकापासून तळाशी पाण्यात बुडालेल्या धातूच्या पत्र्यापर्यंत नेतात. खारे पाणी विजेस चटकन सामावून घेते. नदीचे गोडे पाणी तितके नाही, म्हणून तेथे पत्रा अधिक मोठा लागतो. आमच्या लाकडी डोंग्यास ना डोलकाठी, ना तांबे. उघड्या पात्रात सर्वांत उंच असतो तो उभा नावाडीच!

म्हणून भाविकहो, गडगडाट ऐकू येताच डोंग्यात पाऊल ठेवू नये. अखेरच्या गर्जनेनंतर अर्धा तास पक्क्या छपराखाली थांबावे. झाडाचा आसरा घेऊ नये. मध्यधारेत वादळाने गाठल्यास सर्वांनी खाली बसावे, हात पाण्याबाहेर ठेवावेत व जवळचा काठ गाठावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. घरातील तरुणांनी ते वडीलधाऱ्यांसाठी पाहावे.

बाल मार्कंडेयाने काळ समोर येताच शिवलिंगास मिठी मारली व महादेव धावून आले. त्या करुणाघनाची परीक्षा पाहण्यासाठी गर्जत्या आकाशाखाली डोंगा लोटणे, यास आम्ही भक्ती म्हणत नाही. तीरावर थांबून घडीभर केलेला नामजपही त्याच्या चरणी पोहोचतो.