धातूच्या मोझॅक टाइल्स : लावण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा



शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी आजही दिसते; भिंत सजविण्याची हौस आपल्या बुऱ्हाणपूरला जुनीच आहे. आता कित्येक घरी ओट्यामागे स्टीलच्या मोझॅक टाइल्स लागतात. यात लहान तुकडे जाळीवर चिकटविलेले असतात.

भिंत आधी सपाट व कोरडी करावी. चकाकीत उंचवटा लगेच दिसतो. माप बसविण्यासाठी शक्यतो दोन ओळींमधली जाळीच कापावी. तुकडा कापावाच लागला तर धातूची चकती लावलेले ग्राइंडर कारागिरानेच चालवावे. डोळ्यांवर चष्मा हवा, मुले दूर हवीत. कापलेली कड कानशीने घासावी, नाहीतर बोट चिरते. सांध्यांत बिनवाळूचा ग्राउट भरावा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. शेवटी तेजाबाने धुऊ नये. त्याने स्टील खराब होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धातूतून वीज वाहते. स्विचबोर्डाजवळ मेन स्विच बंद करूनच काम करावे. टाइलची कड तारेला किंवा बोर्डाच्या आतील भागाला लागता कामा नये. काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. ओट्यापाशी ओल्या हाताने वावरणारी आपलीच माणसे असतात.