स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाची मुदत
स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल केवळ वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिन व गिअर यांना द्रवाने जोडणाऱ्या भागातून, तेच शक्ती वाहून नेते आणि क्लचपट्ट्याही दाबते. अनेक पुस्तिकांत ते ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांनंतर बदलण्यास सांगितलेले असले, तरी उल्हासनगर, अंबरनाथच्या कोंडीत गाडी थांबत-सरकत राहिल्याने तेल अधिक तापते, म्हणून पुस्तिकेतील खडतर वापराची कमी मुदतच येथे धरावी. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापुरात शिरले तसे पाणी गाडीत शिरल्यास मात्र किलोमीटरांचा हिशेबच संपतो. गिअरबॉक्सच्या हवाछिद्रातून पाणी मिसळून तेल दुधाळ होऊ शकते, तेव्हा इंजिन सुरू न करता गाडी टो करूनच न्यावी. (एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनच्या, गाड्यांत गिअरबॉक्स मूळचा मॅन्युअलच असल्याने त्यांची मुदत वेगळी.)