गटासोबत परदेशी (भाग ४) : घरापासून मुंबईपर्यंत

गेल्या आठवड्यात सहल कंपनी कशी निवडावी ते पाहिले. पैसे भरून तारीख पक्की झाली की पेडणे-डिचोलीकडच्या घरांत पहिली चर्चा होते ती थंडीच्या कोटांची. कोट शेवटच्या आठवड्यातही मिळतात. आधी माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले तीन शब्द वाचा : ‘मुंबई ते मुंबई’.

पेडणेकरांना हे शब्द जरा टोचतात. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ त्यांच्याच तालुक्यात आहे. ११ डिसेंबर २०२२ला त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून विमाने सुरू झाली. पण तिथून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच, आणि बहुतेक गटसहली मुंबईतून निघतात. वारखंडच्या माणसाच्या डोक्यावरून विमाने जातात, तरी सहल गाठायला त्याला मुंबईच गाठावी लागते. आणि तेवढ्या वाटेत तो कंपनीचा प्रवासी नसतो. मुंबईचे तिकीट वेगळे काढलेले असेल, तर बॅग मुंबईत उतरवून घ्यायची आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे, प्रसंगी टर्मिनलही बदलायचे. देशांतर्गत साध्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो सामान नेता येते. पुढच्या विमानात २३ किलो चालणार असले, तरी मोपाच्या काउंटरवर ते कुणी ऐकून घेत नाही. मुंबईचे विमान उशिरा पोहोचले म्हणून गट थांबत नाही, आणि पुढच्या तिकिटाचा भुर्दंड तुमचाच.

पेडणे किंवा थिवीहून रेल्वेने जाणाऱ्यांनी पावसाचा हिशेब धरावा. ऑगस्ट २०२०मध्ये पेडण्याच्या बोगद्यातली भिंत कोसळली आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. पावसाळ्यात निघणार असाल तर एक दिवस आधी मुंबईत पोहोचा. नातेवाईक नसले तर लॉज बघा. ते पैसे वाया गेले असे वाटले तरी वाटू द्या.

आता कागदपत्रे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि त्यातला बराचसा खास आपल्याकडचा आहे.

सहल गटाची असली तरी व्हिसा ज्याचा त्याला मिळतो. कंपनी अर्ज भरून देते, पण बँकेचे खाते, आयकराचे विवरणपत्र आणि नोकरीचा किंवा धंद्याचा पुरावा प्रत्येकाचा वेगळा तपासला जातो. नवऱ्याला व्हिसा मिळाला आणि बायकोला नाकारला, असेही होऊ शकते. तेव्हा पैसे किती परत मिळतात, ते अर्ज करण्यापूर्वी लेखी घ्या. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. शिवाय ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इतर अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात, त्यामुळे तेवढी ठेवलेली बरी.

पण खरा प्रश्न नावाचा. गोव्यात जन्म आणि विवाहाची सरकारी नोंद पोर्तुगीज काळापासून चालत आली आहे, त्यामुळे जुन्या पिढीकडेही कागद असतात. फक्त ते एकमेकांशी जुळत नाहीत. पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या दाखल्यात नाईक मधला क ‘क्यू’ने, कामत मधला ‘सी’ने आणि शेट मधला श ‘एक्स’ने येतो. शाळेच्या दाखल्यात आणि आधार कार्डावर तीच नावे इंग्रजी वळणाने. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत. माहेरच्या जन्मदाखल्यावर शेवंती, सासरच्या रेशनकार्डावर सुनीता आणि बँकेत दोन्हींची खिचडी. नाव-आडनाव बदलण्यासाठी गोव्याचा १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार बदल करून घेता येतो, पण वेळ लागतो. म्हणून साठीच्या पुढच्या आई-मावशीला नेणार असाल, तर कंपनीकडे जाण्याच्या कितीतरी आधी तिचे सगळे कागद एका टेबलावर मांडून बघा.

दुबईला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोम. २१ नोव्हेंबर २०२२पासून संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक म्हणून येणाऱ्यांच्या पासपोर्टवर एकच नाव चालणार नाही, असा नियम केला. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून काढलेले पासपोर्ट आपल्या गावांत आहेतच. तिकिटावर आडनाव टाकले म्हणजे झाले, असे एजंट सांगेल. तिकीट पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे, उलटे नव्हे.

१९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग असल्याने एकाच कुटुंबात दोन रंगांचे पासपोर्ट असतात. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या सदस्याचे व्हिसाचे गणित पूर्ण वेगळे. भारतात परतताना त्याला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. नाव नोंदवतानाच हे सांगा. विमानतळावर टूर मॅनेजरला ही बातमी देऊ नका.

कार्यक्रमपत्रिका वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘आत जाऊन पाहणे’ वेगळे, ‘बाहेरून पाहणे’ वेगळे आणि ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटे खाली उतरून पुन्हा बसमध्ये. यात फसवणूक नसते, लिहिलेले असते. आपण पत्रिका वाचतो ती शहरांची नावे मोजण्यापुरती.

युरोपात बस वेळेवर सुटते, त्यामागे शिस्तीच्या कौतुकापेक्षा कायदा आहे. चालकाला दिवसात ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १० तास गाडी चालवता येते. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबावे लागते आणि रात्री साधारण ११ तास सलग विश्रांती हवी. बसमधले टॅकोग्राफ नावाचे यंत्र हे सगळे नोंदवते. सकाळी कुणी न्याहारीला वीस मिनिटे जास्त घेतली, तर संध्याकाळी एखादे ठिकाण गळते, आणि ते सगळ्यांचे गळते. साखळीहून आषाढीला पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंडीत मुक्कामाहून निघण्याची वेळ कुणी विचारत नाही, सगळे ती पाळतात. तीच माणसे पॅरिसमध्ये का रेंगाळतात, कुणास ठाऊक. पत्रिकेतल्या लांब टप्प्यांचे तास मात्र आधीच बघून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना त्यावरून औषध-पट्ट्याची तयारी करता येते. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या गोळ्यांवर अमिरातीत कडक नियंत्रण आहे.

उरला फराळ. तो नेल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि रात्री दहा वाजता परक्या शहरात तो उपयोगीही पडतो. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. खोबऱ्यात तेल इतके की ते आपोआप तापून पेटू शकते, म्हणून विमान कंपन्यांच्या मनाई यादीत ते आहे. चवथीला करतो तशा नेवऱ्या दुबईला न्यायच्या असतील तर सारणात खसखस घालू नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, घरचे तूप घरीच ठेवा. माशांना मात्र तिथे मोकळीक आहे, माणशी २० किलोपर्यंत! म्हणजे सुके बांगडे आणि सुंगटे कायद्याने चालतील. बंद बसमधल्या चाळीस सहप्रवाशांनी मात्र तसा कायदा केलेला नाही. हरमलच्या मिरचीची चटणी, आमसुले, चुरमुऱ्यांचा चिवडा यांवर भागवा.

पुढील भागात : परकीय चलन, विमा आणि पॅकेजवर वसूल केला जाणारा कर (टीसीएस).