गाण्यातून गाऱ्हाणं, थेट पंतप्रधानांपुढे!

मैत्रिणींनो, सासरी जे तोंडावर बोलता येत नसे, ते आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून गाऊन घेत. ताडकळस घ्या की पूर्णा, आपल्या मराठवाड्यातल्या गावोगावी पहाटेच्या ओव्यांत माहेरची ओढही असे आणि सासूबाईंचा जाचही. ऐकणाऱ्याला सगळं कळे, पण ओवीवर रागावणार तरी कसं?

हीच युक्ती गोव्याच्या एका गायकानं देशाच्या पंतप्रधानांपुढे वापरली. तिथं मात्र काही मंडळी रागावली, बरं का!

या गायकाचं नाव रेमो फर्नांडिस. जन्म १९५३ सालचा, पणजीचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले वास्तुकला, पण जीव रमला तो गिटारीत आणि बासरीत. १९८४ साली त्यांनी ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट काढली, तीही शिवोलीच्या राहत्या घरात! वाद्यं स्वतः वाजवली, गायले स्वतः, ध्वनिमुद्रणही स्वतःच केलं. आणि कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. आपण घरचे पापड-लोणची दुकानात नेऊन ठेवतो ना, अगदी तसंच. ठेका पाश्चात्त्य रॉकचा, भाषा इंग्रजी, पण विषय अस्सल गोव्याचे.

१९८६ साली राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोंनी त्यांच्यासमोर ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणं म्हटलं. गोवा तेव्हा केंद्रशासित होता. राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी. अशा वेळी दिल्लीच्या पाहुण्यापुढे नुसती स्तुती गाणं किती सोपं होतं! पण रेमोंनी स्वागताबरोबर चार खरे बोलही ऐकवले.

झालं! पाहुण्याचा अपमान केला म्हणून ओरड सुरू झाली, वर्तमानपत्रांतून टीका झाली. दुसरा एखादा असता तर घाबरून गप्प बसला असता. रेमोंनी काय केलं? गाण्याचे शब्द आणि टीकेची कात्रणं थेट पंतप्रधानांकडेच पाठवून दिली. उत्तर आलं: गाणं आपल्याला आणि पत्नीला आवडलं, त्यात वावगं असं काहीच नाही! ज्यांना उद्देशून गाणं होतं त्यांनीच असं म्हटल्यावर टीकाकार काय बोलणार?

पुढे ‘जलवा’ चित्रपटामुळे रेमो देशभर पोचले, २००७ साली पद्मश्रीही मिळाली.

आपण यातून काय घ्यायचं? घरात एखादी गोष्ट खुपत असेल, तर ती शेजारणीपाशी किंवा जावेपाशी बोलून काय उपयोग? ती ज्याला सांगायची त्यालाच सांगावी, गोड शब्दांत पण पुरती सांगावी. मधल्या माणसांनी तिखटमीठ लावलंच, तर आपण नेमकं काय म्हणालो ते पुन्हा शांतपणे त्याच्यापुढे ठेवावं. मोठं माणूस रागावेलच, असं आपणच का धरून चालायचं?